वॉडली बाईंचं कुलूप

मार्चमधल्या त्या शनिवारी सकाळी आमदार डेल्बर्ट मार्कू एव्हरेट थर्लोच्या तळघरात पाठीवर आडवा पडून बर्नरमधली काजळी खरवडत होता. आमदार म्हटल्यावर गाडी, शिपाई, मागेपुढे चार माणसं असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. न्यू हॅम्पशायरात आमदार शेकड्यांनी आहेत आणि त्यांचा वर्षाचा पगार गाडीच्या टायरलाही पुरत नाही. डेल्बर्टचं पोट चालायचं ते बर्नरवर. घरं गरम ठेवणाऱ्या तेलाच्या भट्ट्या दुरुस्त करणारा पर्ली गावात तो एकटाच, त्यामुळे थंडीत त्याला रविवार नाही की सण नाही. आठवड्यातले दोन-तीन दिवस राजधानीत जाऊन बसायचं आणि उरलेले लोकांच्या तळघरात काढायचे. बावन्नाव्या वर्षीच त्याचे गुडघे गेले होते. त्याची बायको क्लोडेट म्हणायची, लष्कराच्या भाकऱ्या भाजायची एवढी हौस आहे, तर घरात एकदा पीठ तरी मळ.

एव्हरेट कॉफीचे दोन मग घेऊन खाली आला आणि पायरीवर टेकला. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. पुढे एव्हरेट कागदाच्या गिरणीत लागला, तिथे त्याची पाठ मोडली, मग गिरणीच बंद पडली. आता आईच्या मागे राहिलेल्या त्या मोठ्या घरात तो एकटाच राहायचा आणि दोनच खोल्या तापवायचा. आमच्याकडे शाळा चालते ती घरपट्टीवर. शाळेचा खर्च वाढला की घरपट्टी वाढते, आणि घराला काय ठाऊक की मालकाची कमाई थांबली आहे! एव्हरेट त्यावरून गावभर चिडचिड करायचा आणि लोक त्याला टाळायचे. डेल्बर्ट मात्र टाळायचा नाही. एक तर बाकाची आठवण होती, आणि दुसरं म्हणजे त्याला हे पटायचंही.

तर कॉफी पिता पिता एव्हरेटने विचारलं, आज शाळेच्या सभेत विशेष काय? आणि डेल्बर्टची जीभ सुटली. दोन आठवडे पोटात ठेवलेलं गुपित होतं ते. शाळेतल्या जुन्या शिक्षिका वॉडली बाई जूनमध्ये निवृत्त होणार, म्हणून त्याने विधानसभेकडून त्यांच्या गौरवाचा ठराव करून आणला होता. सोनेरी शिक्क्याचा, चौकटीत बसवलेला. बाईंना याचा पत्ताच नव्हता. अंदाजपत्रक मंजूर झालं रे झालं की त्यांना काही कळायच्या आत हा उभा राहणार, ठराव वाचणार, आणि मग सगळ्या गावाने बाईंना घेऊन शाळेच्या जेवणघरात जायचं. तिथे क्लोडेटने केलेला भला मोठा केक होता.

"मंजूर झाल्या झाल्या लगेच?" एव्हरेटने विचारलं.

"लगेच. त्यांना तोंडच उघडू द्यायचं नाही."

एव्हरेटने कॉफीवर फुंकर मारली. छान, म्हणाला, बाईंना फार बरं वाटेल. डेल्बर्टने बर्नर पेटवला, हात पुसले आणि आपल्याच आनंदात तो घरी कपडे बदलायला गेला.

आता त्या सभेचं सांगायला हवं. वर्षातून एकदा, मार्चमध्ये, रस्त्यांवर चिखल आणि मेपलच्या झाडांना गोड रस सुटायच्या दिवसांत, सगळं पर्ली शाळेच्या व्यायामशाळेत जमतं आणि पिवळी कार्डं वर करून शाळेचा वर्षाचा खर्च ठरवतं. बायका विणकाम घेऊन येतात, पुरुष चिखलाचे बूट दाराशी आपटून येतात आणि तरी फरशीची वाट लागतेच. मंजूर झालेला ठराव त्याच सभेत पुन्हा चर्चेला काढता येतो. फार वर्षांपूर्वी असं झालं होतं की अंदाजपत्रक मंजूर झालं, लोक खुशीत मेपलचा रस आटवून पाक करायला घरी गेले, आणि मागे उरलेल्या मूठभरांनी सगळं उलटवलं. त्या वर्षी शाळेत एकही पुस्तक आलं नाही. तेव्हा नुकत्याच लागलेल्या वॉडली बाईंनी त्याचा असा धसका घेतला, की पुढच्या मार्चपासून अंदाजपत्रक मंजूर झालं की त्या उठायच्या, पुढची खुर्ची धरायच्या आणि स्वच्छ आवाजात म्हणायच्या, "अध्यक्षमहाराज, या ठरावाचा आज फेरविचार होऊ नये, अशी माझी सूचना आहे." सगळे हसत हसत कार्ड वर करायचे. विषय बंद. गावात त्याला बाईंचं कुलूप म्हणत. कुलूप लागलं की पुरुष मंडळी गाडीची किल्ली काढायची.

इतकी वर्षं हे चाललं, की त्यामागचं कारण लोक विसरूनच गेले. बाई उठतात, बाई बोलतात, आपण घरी जातो, एवढंच काय ते राहिलं. दुसऱ्या कुणी ते वाक्य कधी म्हटलं नाही. म्हणायची वेळच आली नाही.

डेल्बर्टला बाई तिसरीत होत्या. त्याच्या घरी सगळे क्युबेककडची फ्रेंच बोलायचे. आठ वर्षांचा झाला तरी पोराला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि वर्गात वाचायची वेळ आली की हा पोट दुखतंय म्हणून खाली शाळेच्या भट्टीपाशी जाऊन बसायचा. दुसऱ्या कुणी कान धरून वर आणलं असतं. बाई स्वतः खाली गेल्या. भट्टीवर पितळेची पाटी होती. "हात लावू नये. झडप आधी उघडावी." बाईंनी त्याला ती पाटी अक्षर अक्षर वाचायला लावली, मग झडपेवरची, मग तेलाच्या टाकीवरची. डेल्बर्ट वाचायला तिथे शिकला आणि पोटापाण्याचा धंदाही तिथेच शिकला. बाईंचं नाव निघालं की या दांडग्या माणसाचा आवाज अजून बसतो.

फेब्रुवारीत तीच जुनी भट्टी दुरुस्त करायला तो शाळेत गेला होता, तेव्हा बाई जिना उतरून आल्या. सेहेचाळीस वर्षं शिकवून माणूस दमतो, तशा दमल्या होत्या. गुडघ्यावर हात ठेवून पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी जातेय त्याचं काही नाही रे. पण माझ्या वर्गात कुणीतरी असू दे. तिसरी-चौथीची पोरं बसमध्ये घालून डोंगरापलीकडच्या शाळेत पाठवू नका. एवढीशी पोरं ती, काळोखात निघतील आणि काळोखात परत येतील." डेल्बर्टने शब्द दिला होता. या वर्षीच्या अंदाजपत्रकात बाईंच्या जागी नवीन शिक्षिका नेमायचा खर्च धरलेला होता, आणि बाईंना त्यात तेवढंच हवं होतं.

राजधानीत त्याने याहून मोठा घाट घातला होता. शाळांचा अर्धा भार राज्याने उचलावा, म्हणजे पोरांना शिक्षकही मिळतील आणि एव्हरेटसारख्यांचं घरही राहील, असं त्याचं विधेयक होतं. चार वर्षं तो ते मांडत होता आणि चार वर्षं ते पुढच्या अधिवेशनात पाहू म्हणून बाजूला पडत होतं. लोक वाईट नव्हते. पाठीवर थोपटायचे, तुझं म्हणणं रास्त आहे म्हणायचे, आणि जेवायला जायचे. बाईंच्या गौरवाचा ठराव मात्र एका मिनिटात झाला, एकमताने. गौरवाला कुणी विरोध करत नाही. त्याला पैसे लागत नाहीत ना.

सभा सुरू झाली. सभेचा अध्यक्ष मर्टन फॉग, निवृत्त पोस्टमन, नियम म्हणजे नियम असा माणूस. अंदाजपत्रकावर दोन तास वाद झाला. एव्हरेट नेहमी पहिल्या दहा मिनिटांत उठून तावातावाने बोलायचा. आज तो गप्प होता. मतदान झालं, पिवळी कार्डं वर गेली, आणि डेल्बर्टने पाहिलं तर एव्हरेटचंही कार्ड वर. बाजूने! डेल्बर्टला भरून आलं. सकाळचं तळघरातलं बोलणं कुठेतरी लागलं म्हणायचं, बाईंसाठी का होईना, गडी विरघळला.

खरं तर गडी मुळीच विरघळला नव्हता. फेरविचाराची मागणी जिंकलेल्या बाजूच्या माणसालाच करता येते. हे बाईंना माहीत होतं आणि एव्हरेटला माहीत होतं.

मर्टन फॉगने मंजूर झाल्याचं जाहीर केलं. तिसऱ्या रांगेत वॉडली बाईंनी पुढच्या खुर्चीवर हात ठेवला आणि त्या उठू लागल्या. तेवढ्यात डेल्बर्ट ती चौकट छातीशी धरून उभा राहिला.

"बाई, बसा," तो म्हणाला. "आज तुम्ही काही बोलायचं नाही."

"डेल्बर्ट, एक मिनिट, मला..."

"आज नाही, बाई!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळी व्यायामशाळा हसली. बाई अर्ध्या उठलेल्या होत्या. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि त्या खाली बसल्या.

डेल्बर्टने ठराव वाचला. ज्याअर्थी, त्याअर्थी अशा सरकारी भाषेत लिहिलेला होता, पण त्याच्या तोंडून तोही गोड लागला. मग चौकट बाजूला ठेवून त्याने भट्टीवरच्या पाटीची गोष्ट सांगितली. हात लावू नये, झडप आधी उघडावी. बायकांनी विणकाम खाली ठेवलं. तो म्हणाला, या गावात कुणीही काहीही वाचत असेल, वर्तमानपत्र असो की औषधाची बाटली, त्यात बाईंचा हात आहे. सगळा गाव उभा राहिला. टाळ्या थांबेनात. बाईंचा चेहरा लाल झाला होता आणि त्या मांडीवरचा रुमाल पुन्हा पुन्हा घडी करत होत्या. मग लोकांनी त्यांना जवळजवळ उचलूनच जेवणघरात नेलं. बऱ्याच जणांनी तिथूनच घरचा रस्ता धरला, कारण मेपलचा रस सुटला होता आणि तो कुणासाठी थांबत नाही.

जेवणघरात राजमा आणि काळा पाव होता, आणि मधोमध तो केक. क्लोडेटने त्यावर फळा काढला होता. बाईंनी सुरी हातात घेतली, पण कापायच्या आधी त्या दाराकडे बघत राहिल्या. डेल्बर्टला वाटलं, डोळे भरलेत, म्हणून मान वळवली. त्याने स्वतःच त्यांचा हात धरून पहिला तुकडा कापला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला आपलं काही जमल्यासारखं वाटत होतं. आमदार झाल्याचा थोडा उपयोग झाला म्हणायचा, असं तो शेजारच्याला म्हणालासुद्धा.

तिकडे व्यायामशाळेत वीस-पंचवीस माणसं बसून राहिली होती. क्लोडेटला वाटलं, बिचारी लाजली असतील, म्हणून ती केकचे तुकडे तबकात घालून व्यायामशाळेत गेली. दारातच थबकली. पिवळी कार्डं वर होती आणि मर्टन फॉग ती मोजत होता. क्लोडेट तबक तसंच घेऊन जेवणघरात पळत आली.

"डेल्बर्ट, आत मतदान चाललंय," ती म्हणाली. "एव्हरेटने ते परत काढलंय. बाईंची जागा कापतायत."

सगळे धावले. कुणाच्या हातात काटा, कुणाच्या हातात पाव. आत पोचले तेव्हा मर्टन फॉग निकाल वाचत होता. नवीन शिक्षिकेचा खर्च वगळून अंदाजपत्रक मंजूर. कुणाला काढायचं नव्हतं, कुणाच्या पोटावर पाय नव्हता, बाई जाणारच होत्या. फक्त त्यांची जागा भरायची नाही, एवढंच. पोरांसाठी बस होतीच.

डेल्बर्टने मागे वळून पाहिलं. दारातून माणसं आत येत होती, वीस, चाळीस, साठ. आपण पुन्हा जास्त झालोय, हे त्याच्या लक्षात आलं. आत बसलेल्यांपैकी एकाला तरी वळवू आणि आपणही परत काढू, आत्ताच. त्याने तोंड उघडलं, पण एव्हरेट आधीच उभा होता. पुढची खुर्ची धरून, वाकलेली पाठ जमेल तेवढी सरळ करून.

"अध्यक्षमहाराज, या ठरावाचा आज फेरविचार होऊ नये, अशी माझी सूचना आहे."

जे आत बसलेले होते त्यांची कार्डं लगेच वर गेली. धावत आलेल्यांची कार्डं जेवणघरात ताटांशेजारी पडली होती, आणि कार्ड नाही तर मत नाही. मर्टन फॉगचे डोळे लाल झाले होते, पण त्याने मोजलं आणि जाहीर केलं. कुलूप लागलं. डेल्बर्टने जवळ जाऊन विचारलं, अरे मर्टन, एक हाक मारायची होतीस. तो म्हणाला, मध्यंतर कुणी मागितलंच नव्हतं, सभा चालूच होती, मी काय करणार. आणि ते खरंच होतं. उठून जाताना कुणाला त्याची आठवण झाली नव्हती.

बाहेर चिखलात एव्हरेट आपल्या ट्रकपाशी उभा होता, जणू डेल्बर्टची वाटच पाहत. डेल्बर्टला त्याला धरून हलवावंसं वाटत होतं. पण जवळ गेल्यावर हात उचलेना.

"सकाळी तुझ्याच तळघरात मी होतो," तो म्हणाला.

"तुझे उपकार आहेत, मी नाही म्हणत नाही," एव्हरेट म्हणाला. "बाईंवर माझा राग नाही. त्यांनी मलाही शिकवलंय, ते वाक्यसुद्धा त्यांचंच. पण माझं घर जातंय, डेल्बर्ट. तू चार वर्षं राजधानीत जातोस, मला सांगतोस, यंदा होईल. झालं का?"

एव्हरेटने खिसे चाचपले, किल्ली शोधली आणि तो निघून गेला.

बाईंना घरी सोडायला डेल्बर्टच गेला. त्याच्या गाडीत तेलाचा वास, मागे नळ्या आणि पाने, आणि बाईंच्या मांडीवर ती सोनेरी शिक्क्याची चौकट. गाडी चिखलातून हळूहळू चालली होती. त्याला वाटलं, बाई रडत असतील, पण पाहिलं तर नव्हत्या. नुसत्या दमलेल्या दिसत होत्या. त्यांच्या फाटकापाशी त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि स्टीअरिंगवर कपाळ टेकलं.

"बाई, मी घात केला. मीच तुम्हाला बसवलं. आणि सकाळी मीच त्याला सगळं सांगून बसलो."

"तू मला बसवलंस म्हणून मी बसले नाही," बाई म्हणाल्या. "सेहेचाळीस वर्षं मला कोण बसवू शकलं? मला आठवत होतं, डेल्बर्ट. तू वाचत होतास तेव्हाही, आणि केक कापतानाही."

त्याने डोकं वर केलं.

"मग उठला का नाहीत?"

बाईंनी चौकटीवर बोट फिरवलं. काचेवर त्यांच्या हाताचा केक लागला होता, तो त्यांनी रुमालाने पुसला.

"मला ऐकायचं होतं," त्या म्हणाल्या. "ती पाटीची गोष्ट. माझ्याबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं, आणि मला ते शेवटपर्यंत ऐकायचं होतं. मग वाटलं, इतकी माणसं आहेत, सगळ्यांना मीच शिकवलंय, यातलं एक तरी उठेल. एकाने तरी उठून ते वाक्य म्हणावं, म्हणजे मी सुखाने घरी गेले असते." त्यांनी रुमालाची घडी घातली. "उठले रे सगळे. टाळ्या वाजवायला उठले."

डेल्बर्टने उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं. खाली चिखल होता म्हणून त्यांना हात दिला, आणि पायरीपर्यंत चौकट आपण धरली. दारात बाईंनी ती परत मागून घेतली. स्वयंपाकघरात लावीन, म्हणाल्या, छान लिहिलंय. मग आत जाता जाता वळल्या आणि वर्गात विचारायच्या तसं त्यांनी विचारलं, "ते वाक्य येतं ना तुला?"

"येतं, बाई."

"म्हण."

तो पायरीखाली चिखलात उभा होता. सोमवारी पुन्हा राजधानी होती, विधेयकाची सुनावणी होती, आणि ते पुढे ढकललं जाणार हे त्याला आत्ताच दिसत होतं. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्याने टोपी काढली.

"अध्यक्षमहाराज," त्याने सुरुवात केली, आणि त्याचा आवाज बसला. बाई दार धरून उभ्या राहिल्या. त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत त्या आत गेल्या नाहीत.